कालिंदीबाईंची लाल लडी

मंडळी, ऐका! पूर्वरंग आज आटोपता घेतला, कारण आमचे पेटीवाले मघापासून घड्याळाकडे बघतायत. बघा हो, बघा! घड्याळ काही पळून जात नाही. पण आख्यानाला लागण्याआधी एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढे. उत्तर लगेच देऊ नका, पदराला गाठ मारून ठेवा.

वस्तू आपली कधी होते? विकत घेतली की होते? कपाटात घालून कुलूप लावलं की होते? वहीत नाव लिहिलं की होते? का — आणि इथेच घोळ आहे — हातातून सुटली की होते?

त्या खांबाजवळच्या मावशी मान हलवतायत. मावशी, थांबा! आधी गोष्ट ऐका, मग हलवा.

आज तुम्हाला ध्रुवाचं आख्यान नाही, हरिश्चंद्राचंही नाही. आज कालिंदीबाईंचं आख्यान! कोण या कालिंदीबाई? खाडीकाठचं एक गाव, त्या गावात पाथऱ्यांचं दुमजली घर. वर थोरल्या जाऊबाई — त्या कालिंदीबाई. खाली धाकट्या, त्यांचं नाव सगुणा. वरच्यांना मूलबाळ नाही. खालच्यांना एकच लेक, केतकी. एवढीच माणसं लक्षात ठेवा. आणि हो, एक मांजर. मांजर विसरू नका, पुढे कामाला येणार आहे!

कालिंदीबाईंना नाद होता क्रॉस स्टिचचा. फुलीचा टाका हो! चौकटीचं मॅटीचं कापड, रंगीत दोरा, फुलीवर फुली घालत गेलं की पोपट होतो, गुलाब होतो, 'सुस्वागतम्' होतं. पण बाईंना टाक्याचा नाद किती आणि सामानाचा नाद किती, हे विचारू नका. एक अख्खं लोखंडी कपाट! दोऱ्याच्या लड्या, सुयांच्या पुड्या, लाकडी रिंगा, मॅटीच्या गुंडाळ्या. आणि सगळं कसं? ओळीत!

गावात लग्न झालं की बाई पत्रिका जपून ठेवायच्या. कशाला? कात्रीनं तिचे तुकडे करायच्या, दोन्ही कडांना खाचा पाडायच्या, आणि एकेका तुकड्यावर एकेक लडी गुंडाळायच्या. वर दोऱ्याचा नंबर. त्यामुळे निळ्या दोऱ्याखाली काय वाचायला मिळायचं? 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. पिवळ्याखाली काय? 'आहेर आणू नये'. हिरव्याखाली नुसतंच 'सहकुटुंब सहपरिवार'! गावातली निम्मी लग्नं त्या कपाटात गुंडाळून पडली होती.

शिवाय एक वही. आलं काय, गेलं काय, शिल्लक काय. दर दिवाळीला झाडलोट झाली की बाई चष्मा लावून बसायच्या, डबे उघडून वरवरच पुठ्ठे मोजायच्या आणि समाधानानं मान डोलवायच्या. सगळं जागच्या जागी.

मग भरायच्या काय? इथेच तर गंमत! भरायला दोरा काढला की डब्यात जागा रिकामी व्हायची. संच मोडायचा. काढलेली लडी बाई परत ठेवायच्या. मग त्या बाजारातून नवा दोरा आणायच्या — हा वापरायचा म्हणून. घरी आल्यावर तो हातात घ्यायच्या. रंग किती गोड! त्यालाही पुठ्ठा, त्यालाही नंबर, तोही कपाटात. पुन्हा बाजार!

हसताय? हसा. घरी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या शेवटच्या कधी काढल्या होत्या, ते आठवेपर्यंत हसा.

आता मुद्दा. त्या कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात, भिंतीकडच्या बाजूला, एक पत्र्याचा डबा होता. त्यात लाल लड्या. कसा लाल? ओल्या कुंकवासारखा. त्या सासूबाईंच्या. म्हातारीनं जाण्याआधी थोरल्या सुनेच्या हातात ठेवल्या होत्या आणि म्हणाली होती, "घरात लेक होईल तिच्या अंतरपाटाला घाल. मधलं स्वस्तिक याच लालचं."

म्हातारी गेली. पुढे सगुणेला लेक झाली. घरात किती दिवसांनी पाळणा हलला! सगुणा बाळंतिणीच्या खोलीतून वर निरोप पाठवते काय, "वहिनी, बारशाच्या दुपट्यावर छोटं स्वस्तिक भरते. सासूबाईंच्या लालमधली एक लडी द्या."

बाईंनी दिली. अगदी जिवावर आल्यासारखी दिली. वहीत लिहिली आणि रिकामा पुठ्ठा डब्यात जसाच्या तसा ठेवला, म्हणजे जागा राखून! महिना गेला, दोन गेले, उरलेली लडी काही परत येईना. शेवटी बाई जिन्यात उभ्या राहून विचारत्या झाल्या, "सगुणा, लडीचं काय झालं?"

"अहो, भरून टाकली दुपट्यावर. पोरीला पांघरलंय."

"सगळी? ती अंतरपाटाची होती."

"वहिनी, पोरीला अजून मान धरता येत नाही आणि तुम्ही लग्नाचा दोरा मोजताय?"

संपलं! एका लडीवरून दोघींचं बोलणं बंद. एक घर, एक जिना, एक नळ — आणि बोलणं नाही. मग नळाला पाणी आलं की सांगायचं कसं? इथे मांजर! जिन्यात मनी बसलेली असायची. कालिंदीबाई म्हणायच्या, "मने, खाली सांग, पाणी आलंय." खालून सगुणा म्हणायची, "मने, वर सांग, मला कान आहेत." ती मनी गेली, तिची लेक आली. तिचंही नाव मनीच, कारण निरोप्याची जागा रिकामी ठेवून चालत नाही!

पण केतकीला या भांडणाचा पत्ताच नाही. ती दिवसभर जिन्यावर वरखाली. वर येऊन कालिंदीबाईंच्या मांडीवर बसायची, म्हणायची, "मोठी आई, कपाट दाखव ना." आणि बाई — ऐका बरं — जगात कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत, पण या पोरीला सगळे रंग काढून दाखवायच्या. लाल डब्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "हा तुझ्या लग्नाचा. तुझा अंतरपाट मीच भरणार." पोर हसायची. बाईंच्या आयुष्यात दुसरं मोठं वचन नव्हतं. हे एकच होतं.

आणि लग्न ठरलं! केतकी वर धावत आली. "मोठी आई, माझा अंतरपाट?"

बाई बसल्या भरायला. पांढरी मॅटी, चारी कडांना वेल, वेलीवर कळ्या. हिरवा-पिवळा दोरा कुठला? कपाटातला? छे! संच मोडेल ना! बाजारातून नवा आणला. रात्रंदिवस मान मोडून कड पुरी केली. कड अशी झाली की शेजारणी खिडकीशी येऊन बघून जायच्या. मधली जागा तेवढी राखून ठेवली. स्वस्तिक शेवटी. तो मान सासूबाईंच्या लालचा.

लग्न परवावर आलं. दुपारची वेळ. मांडवाचे बांबू पडलेत, खाली रुखवताच्या करंज्या तळल्या जातायत. वर कालिंदीबाईंनी हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला, पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडलं. लाल तसाच! काय तो रंग! बाईंनी सुईत दोरा ओवला, पहिली फुली घातली, ओढला —

तुटला.

बाईंना वाटलं, गाठ असेल. दुसरा घेतला. तुटला. दुसरी लडी सोडली. बोटानं नुसता ताणला, तर हातात भुगा आला. भिंतीची ओल, खाडीची हवा, पावसाळ्यामागून पावसाळे! डब्याच्या तळाला गंज, आणि आत दोरा कुजलेला. वरून लाल, आतून गेलेला. दर दिवाळीला बाईंनी मोजला होता हो! कधी चुकली नव्हती मोजणी. पण एकदाही ओढून नव्हता पाहिला.

वही उघडून बघा — शिल्लक भरपूर! सुईत ओवून बघा — काही नाही.

आता कुणी म्हणेल, बुवा, बाजारात लाल दोरा मिळत नाही का? मिळतो हो, ढिगानं मिळतो. पण म्हातारीला दिलेला शब्द कुठल्या दुकानात मिळतो? आणि पोरीला दिलेला? बाई त्या पांढऱ्या अंतरपाटापुढे बसल्या आणि रडल्या. एवढं मोठं कपाट पाठीशी, आणि पोरीच्या लग्नाला आपल्याकडे एक लाल फुली नाही. कुठल्या तोंडानं सांगायचं तिला? आणि तिच्या आईला काय सांगायचं, जिला एका लडीपायी एवढी वर्षं तोडून ठेवली?

उठल्या. जिन्याकडे निघाल्या. एकेक पायरी जड. निम्म्या जिन्यात थांबून त्यांनी सवयीनं खाली पाहिलं — मनी कुठंय?

मनी नव्हती! करंज्या तळत होत्या ना खाली, ती स्वैपाकघरात. निरोप्याच गायब. आता बोलायचं कुणाशी?

मंडळी, देव कधीकधी प्रकट होऊन दर्शन देतो आणि कधीकधी मांजर लपवून. बाई सगुणेच्या दारात उभ्या राहिल्या. सगुणेच्या हातात झारा. दोघी एकमेकींकडे बघतायत. आणि कालिंदीबाई म्हणाल्या, थेट म्हणाल्या —

"सगुणा, लाल दोरा कुजला गं."

बस! एवढंच. सगुणेनं झारा खाली ठेवला. टोमणा मारता आला असता की नाही? सासुरवाशिणींनो, खरं सांगा, तुम्ही सोडला असता का? पण सगुणेनं हात पदराला पुसले. आत गेली. तिचा कारभार म्हणजे सगळा गोंधळ! दोरे, चिंध्या, हुकं, बटणं, सगळं उशीच्या एका जुन्या अभ्र्यात कोंबलेलं. तिनं अभ्रा पलंगावर उपडा केला आणि त्या पसाऱ्यातून एक दुपटं ओढून काढलं. विटलेलं, मऊ झालेलं, कडा उसवलेल्या. आणि मधोमध मॅटीच्या तुकड्यावर — लाल स्वस्तिक!

बाईंनी हात लावला. किती वेळा धुतलं गेलं असेल ते. पोरीनं ओलं केलं, दगडावर आपटलं, उन्हात वाळलं, अंगावर घेऊन ती मोठी झाली. आणि रंग? ओल्या कुंकवासारखा! बाईंनी नखानं एक फुली ओढून पाहिली. हलली नाही.

"ही तुमचीच लडी," सगुणा म्हणाली. "परत द्यायची राहिली होती."

कालिंदीबाई म्हणाल्या, "बरं झालं राहिली."

मग काय! दुपट्यावरून तो तुकडा अलगद सोडवला आणि अंतरपाटाच्या मधोमध बसवला. दोघी दोन बाजूंना बसून टाके घालत होत्या. बोलत होत्या का? अहो, एवढ्या वर्षांचं साचलेलं! करंज्या जळल्या, पण कुणाला सुधरलं नाही. दारात मनी येऊन बसली, दोघींकडे बघून तिलाही कळेना की आता आपलं काम काय!

लग्नाला मंगलाष्टका झाल्या, 'सावधान' झालं, आणि केतकीच्या पुढून तो अंतरपाट दूर झाला. लोक म्हणाले, मुहूर्त साधला. मला विचाराल तर खरा अंतरपाट दोन दिवस आधी दुपारीच दूर झाला होता — दोन जावांमधला. कुणीतरी विचारलं, "कुणी भरला हो हा?" कालिंदीबाई म्हणाल्या, "आम्ही दोघींनी. आणि सासूबाईंनी." नंतर त्यांनी कपाट उघडलं ते उघडंच ठेवलं. गल्लीतल्या पोरी येतात, दोरे नेतात, गुंता करून आणतात. बाई रागावतात आणि पुन्हा देतात. वहीसुद्धा लिहितात, सवय कुठली जायला! फक्त लाल डब्यात एकच वस्तू आहे. तो रिकामा पुठ्ठा. त्याला मात्र बाई कुणाला हात लावू देत नाहीत.

आता सोडा मघाची पदराची गाठ! काय टिकलं? त्या डब्यात जपलेलं सगळं कुजलं. हातून सुटली ती एक लडी तेवढी उरली, आणि तीच बाईंची झाली.

आणि मंडळी, मी दोऱ्याचंच बोलतोय असं समजू नका. देवाचं नाव आपण कुठे ठेवलंय? म्हातारपणाच्या डब्यात! पोरं मार्गी लागू देत, गुडघे दुखू देत, मग घेऊ. अरे, तेव्हा सुईत ओवायला जाल आणि जीभच वळणार नाही! आणि माया? भावाशी बोलायचंय, बहिणीकडे जायचंय, आहे हो शिल्लक, कुठे जातेय! मोजली रोज. कधी ओढून पाहिली?

तर आज आरती झाली, प्रसाद घेतला, की घरी जा. ज्याच्याशी बोलायचं राहिलंय त्याच्या दाराशी उभे राहा. आणि एवढंच करा — मधे मांजर घेऊ नका.

म्हणा मोठ्यानं, आजच म्हणा, गळा आहे तोवर म्हणा — रामकृष्णहरी!