दिवा लागायच्या आधी

न्हाय न्हाय, तक्रार कुठाय माझी? चांगलंच ल्हिलंय की तुमी. बसा पावणं, डफ सरकवा जरा तिकडं — पुण्यासनं एवढं लांब आलासा, च्या घेऊनच जावा, दूध आत्ता यील. तुमचं पेपरातलं तर पाठच झालंय मला — ‘शाहीर पिराजींची रेकॉर्ड म्हणजे चाळीस वर्षांच्या तपश्चर्येचं फळ, आणि शेवटी सूर अचानक तुटतो, ती शांतता काळजात घर करते.’ शांतता! अवो, थितं एक ओळ हाय. कवनाची शेवटची, कवीच्या नावाची. आमच्यात रीतच हाय — ज्यानं कवन बांधलं त्याचं नाव शेवटी घ्यायचं, घेतल्याबिगर डफ खाली ठेवायचा न्हाय.

मग घेतलं का न्हाय म्हंतासा? आता बगा, मुंबैची ती रेकॉर्ड करायची खोली, भिंतीला जाड पडदं, समोर माणूस न्हाय, दाद न्हाय. सायब म्हनला, एका बाजूला तीन मिनिटं, लाल दिवा लागला की गप व्हायचं. आमचं कवन अर्धा तास चालतंय! छाटलं, कोंबडं सोलावं तसं सोललं. आन् शेवटाला आलो तवर दिवा लागला — काय करणार?

नाव? माझंच की... म्हंजे, तसं न्हाय. गुंडूचं. माझा तुणतुणंवाला, कोडोलीचा. गळा माझा, पर कवनं सगळी त्याची. रेकॉर्डच्या आदल्या साली गेला बिचारा. तबकडीवर छापलं ‘कवी व गायक पिराजी’ — मी न्हाय सांगितलं तसं, मला इचारलंच न्हाय कुणी. मग तुमी ल्हिलं, तुमचं बगून बाकीच्यांनी ल्हिलं. म्हनलं, जत्रंत तरी नाव घ्यावं. कागलच्या उरुसात ओळीला तोंड उघडलं, तर लोक वरडाय लागली — शाहीर, रेकॉर्डसारखं थांबा! हॉटेलात रोज तीच ऐकत्यात न्हवं. थांबलो. तवापासनं दर खेपंला थितंच थांबतोय.

आन् तानाबाई — गुंडूची बायकू — तीच दूध घालती मला. तुमचा पेपर मीच वाचून दावला तिला. ऐकून म्हनली, भावजी, ह्यांचं नाव कुठं आलं? म्हनलं, वयनी, दिवा लागला वो. तर म्हनली, दिव्यापुढं तुमी तरी काय करणार! वर दूध बी पळीभर जादाच घातलं.

खरं सांगू? ओळ बसंल एवढा येळ हुता की. दिव्याकडंच बगत हुतो मी. इझलेलाच हुता. मनात आलं, गुंडू तर गेलाय, आता कोन इचारतंय — आन् मिटलं तोंड. डफ बी थांबवला. गप हुबा ऱ्हायलो, मनात चार आकडं मोजलं, आन् मग लागला दिवा. ती तुमची शांतता, पावणं. तुमाला कोन म्हनलं ती चांगली हाय म्हनून? तुमी शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो मी!

आँ? ल्हिताय व्हय? ठेवा त्यो पेन! ठेवा म्हंतो न्हवं! — कडी वाजली. तीच आली. उठा, उठा, च्या ऱ्हाऊ द्या आता, एस्टी चुकंल तुमची. — या वयनी. पेपरवालं हायती, निघालंच. न्हाय, काय न्हाय... त्यो दिवा लागला हुता न्हवं, त्येच सांगत हुतो.