दीड वाजताचं आवतण

(नाशिकजवळच्या एका थीम पार्कमधलं ‘जहाज’ हॉटेल. दाराशी बुकिंगचा काउंटर. दुपारचा सव्वा वाजलाय.)

तृप्ती : पण मावशी, बुकिंग तुमचंच आहे ना? सुनील बोरस्ते, सहा माणसं, दीड वाजता?

लंकाबाई : माझ्या लेकाचं हाय. तेच सांगते ना पोरी, आम्ही येत नाय. टेबल अडवून ठेवू नको.

तृप्ती : एवढंच सांगायला उन्हात वर चढून आलात?

लंकाबाई : मग? तुम्ही ताटं मांडून वाट बघत बसणार.

तृप्ती : पंधराच मिनिटं बघतो. मग दुसऱ्याला देऊन टाकतो.

लंकाबाई : ती पंधरा तरी कशापायी बघायची? लेक, सून, नातवंडं सगळी पाण्यात हायेत. चपला आणि मोबाइल माझ्यापाशी. सुनीलचा मोबाइल लागोपाठ वाजला. वाचलं तर तीन निरोप. ‘दरबार’मधी दीडला, ‘जहाज’मधी दीडला, ‘चुली’वर दीडला. पोट एक आणि आवतणं तीन. आमच्या निफाडकडं एका वक्ताला एकाच घरचं आवतण घेतात. दुसऱ्याला हात जोडून सांगायचं, बाबा, आज नाय जमायचं.

तृप्ती : इथे सगळेच तसं करतात. तीन ठिकाणी बुक करून ठेवायचं आणि मन होईल तिथे जायचं.

लंकाबाई : आणि बाकीचे दोघं?

तृप्ती : आम्ही बसतो दाराकडे बघत.

लंकाबाई : तेच ते. माझ्या थोरलीला बघायला पाहुणे यायचे होते. पुरणपोळ्या गार झाल्या, कोणी आलं नाय. निरोप धाडला असता तर पोरगी दिवेलागणीपर्यंत साडी नेसून बसली नसती. तिचं तोंड अजून दिसतं मला.

तृप्ती : तीन वर्षं झाली मला या काउंटरवर. येणार नाही हे सांगायला पायी आलेलं माणूस आज पहिल्यांदा बघतेय. खरंच, बरं वाटलं.

लंकाबाई : दरबारातली बाईबी अशीच बघत राहिली. ‘चूल’ तेवढं ठेवलं. पाण्याजवळ हाय, पोरांना चालायला नको.

तृप्ती : झालं रद्द. थांबा हं. अहो चिमाजीकाका, देवळ्याचे ना तुम्ही? या, टेबल मोकळं झालं. खिडकीचं आहे. या मावशींमुळे मिळालं. तिकडे बेसिन आहे, हात धुऊन घ्या सगळे.

लंकाबाई : कधीचे उभे होते गं?

तृप्ती : साडेअकरापासून. बुकिंग करावं लागतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आता फक्त कारण भरते, की... अरे देवा.

लंकाबाई : काय झालं?

तृप्ती : खाली काहीतरी लिहिलंय. मी आधी वाचायला हवं होतं.

लंकाबाई : आता वाच की.

तृप्ती : ‘आज आईची एकसष्टी. तळं दिसेल असं खिडकीचंच टेबल द्यावं. जेवणात मांडे हवेत. आईला सांगू नये.’

लंकाबाई : सांगितलंस की.

तृप्ती : चुकलंच माझं. थांबा, काकांना अडवते. चूक झाली म्हणून सांगते, ते समजून घेतील.

लंकाबाई : कुठं गेलेत ते?

तृप्ती : हात धुवायला.

लंकाबाई : मग राहू दे. हात धुतलेल्या माणसाला परत उभं करत नसतात.

तृप्ती : पण मावशी, एकसष्टी तुमची आहे.

लंकाबाई : हाय ना. आणि तळं बघत जेवायला मला लय आवडलं असतं, खोटं कशाला बोलू? पण त्यांना उठवून बसले तर घास उतरायचा नाय.

सुनील : आई! अख्खा पार्क पालथा घातला. इथं काय करतेय?

लंकाबाई : टेबल सोडायला आले होते.

सुनील : सोडलं? अगं, मोबाइलवर एक बटण दाबलं असतं तरी झालं असतं. आणि हेच का सोडलं? मॅडम, हे टेबल मी महिनाभर आधी धरलंय. बाकीची दोन आपली हाताशी असू द्यावी म्हणून होती.

तृप्ती : माझीही चूक आहे दादा. पण त्या टेबलावर आता माणसं बसली.

सुनील : उठवा ना मग. बुकिंग माझं आहे.

लंकाबाई : सुनील, तिकडं बघ. ते म्हातारबाबा ताट यायच्या आधीच कांदा खायला लागलेत. उठवतोस का त्यांना? जा, तूच उठव.

सुनील : (दोन पावलं पुढे जाऊन परत फिरतो.)

लंकाबाई : उठवत नाय ना?

सुनील : नाय. पण तुझ्यासाठी होतं गं ते. घरात तू सगळ्यात शेवटी जेवते. म्हटलं, एक दिवस तरी तुझ्या नावानं जागा असावी.

लंकाबाई : कळलं मला. मघाशीच कळलं, हिनं वाचलं तेव्हा. पोट तिथंच भरलं.

तृप्ती : दादा, तीन वाजता तेच टेबल मोकळं होतंय. मांडे सांगितलेलेच आहेत, ते तेव्हा गरम करायला लावते. चालेल?

लंकाबाई : तीनला दुसऱ्या कोणाचं नाय ना?

तृप्ती : कोणाचं नाही. नाव मात्र तुमचं लिहिते या वेळी. काय लिहू?

लंकाबाई : लंकाबाई धोंडीराम बोरस्ते. पोरांना तवर कणसं घेऊन दे रे. तशीबी ती पाण्यातून निघायची नायत. आणि मी जरा जाऊन येते.

सुनील : आता कुठं?

लंकाबाई : चुलीवर. ते दीडची वाट बघत असतील.

सुनील : मोबाइल दे इकडं.

लंकाबाई : हा घे.

सुनील : ...नको, राहू दे तुझ्याकडं. तू बस इथं सावलीला. मी सांगून येतो.

लंकाबाई : अंग पुसून जा. कोणाच्या दारात असं ओल्यानं उभं राहू नये.