गंजलेला ड्रम

इंदूरच्या एका हॉस्पिटलात अरुंधती वडिलांची तपासणी संपायची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर एक बाई आणि कारखान्याचा गणवेश घातलेला माणूस बोलत होते. नको म्हटलं तरी तिच्या कानावर पडत होतं.

"नंदू भिया, जीव वाचला म्हणतात डॉक्टर. पण हे ट्रक सोडून पळाले का नाहीत?"

"वहिनी, मानपूरच्या ढाब्यावर ड्रम गळायला लागला. लोक जेवत बसले होते. धूर बघून मुकुलनं ट्रक सुरू केला आणि दूर रिकाम्या मैदानात नेला. सगळी वाफ त्याच्या छातीत गेली."

"कंपनीवाले तर म्हणतात, यांनी गाडी जोरात पळवली म्हणून ड्रम फुटला."

"झूठ आहे. ड्रम आधीच गंजलेला होता. तेजाबाचा, ॲसिडचा कचरा आहे, दुसऱ्या ड्रममध्ये भरू, असं मी लोडिंगच्या वेळीच साहेबांना म्हटलं होतं."

"मग?"

"म्हणाले, जाऊ दे, टाइम नाहीये."

"हे पोलिसांना सांगाल?"

नंदूनं गणवेशावरचं कंपनीचं नाव अंगठ्यानं चोळलं.

"भिया, तुमच्याही घरी लेकरं आहेत. मी जबरदस्ती नाही करणार."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हां सर, हॉस्पिटलमध्येच आहे. नाही सर, मुकुल स्पीडमध्ये होता असं मी लिहून नाही देणार. ड्रम सडलेला होता, तुम्हालाही माहीत आहे. पोलिसांना मी तेच सांगणार."

त्यानं फोन खिशात ठेवला.

"वहिनी, पाणी आहे का?"

अरुंधतीनं आपली बाटली पुढे केली.