दारावरचा रामराम

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संपादक साहेब, आज प्रथमच आपल्या कार्यालयात आलेल्या मामी, मागे उभे राहावे लागलेले छपाई विभागातील बंधू आणि मघापासून चहाकडे नजर लावून बसलेले माझे सहकारी,

आपल्या वृत्तपत्राच्या दारावरचे मामा आज निवृत्त होत आहेत. एकतीस वर्षे त्यांनी आत येणाऱ्या प्रत्येकाला रामराम घातला. मंत्र्याला घातला, पाण्याचे जार आणणाऱ्यालाही घातला. हात जोडायचे, समोरच्याच्या तोंडाकडे पाहायचे आणि उत्तर येईपर्यंत नजर हलवायची नाही, ही त्यांची पद्धत.

मध्यंतरी कार्यालयात नेहमी येणाऱ्या एका वाचकाने तक्रार केली, की कार्यालयात देवाचे नाव कशाला? मामांना ‘नमस्कार’ म्हणण्याची सूचना गेली. मी त्यांना या शब्दाची संस्कृत थोरवी समजावली. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही पाठ केलंय. मला रामरामाची सवय आहे.” तीन दिवस त्यांनी नमस्कार केला. चौथ्या दिवशी तो तक्रारदारच काळजीने विचारू लागला, “मामांना बरं नाही का?” रामराम पूर्ववत सुरू झाला.

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. आठ वर्षांपूर्वी मी बातमी दिली, की एका देवळाच्या मंडळाने मांडव घालून दवाखान्याचा रस्ता अडवला. वास्तविक रस्ता जलवाहिनीच्या खोदकामाने अडला होता. मी तिथे गेलोच नव्हतो. फोनवर ऐकले आणि लिहिले. दुसऱ्या दिवशी चाळीसेक माणसे दाराशी आली. घोषणा रामाच्याच नावाच्या. मामांच्या तोंडी जे नाव रोज ‘या, बसा’ म्हणे, तेच त्या दिवशी दारावर धडका देत होते. तेव्हाचे संपादक म्हणाले, शटर ओढा. आपण नव्हे साहेब, आपल्या आधीचे. आणि मी? मी वर जुन्या अंकांच्या खोलीत संदर्भ तपासत होतो, असे तेव्हा सर्वांना सांगितले होते.

मामांनी शटर ओढले नाही. ते पायरी उतरून पहिल्या माणसासमोर उभे राहिले. “रामराम.” तो ओरडतच राहिला. मामा हलेनात. अखेर तो पुटपुटला, “रामराम, मामा.” मग दुसरा, मग तिसरा. घोषणा सगळ्यांना मिळून देता येते. रामरामाचे उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागते. दहाव्या माणसापर्यंत गलका ओसरला. बाराव्याने विचारले, “लिहिणारा कुठाय?”

“आणतो. पण अंगाला हात लावायचा नाही.”

मामा वर आले. मी म्हटले, “मारतील हो मला.”

“नाही मारणार. रामराम झालाय आमचा. बातमी खरी आहे का?”

“नाही.”

“मग तेवढंच खाली येऊन सांगा.”

गेलो. चाळीस तोंडांकडे पाहून चुकलो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर खुलासा छापला. त्यांच्यातलाच एकजण मला खोदकाम दाखवायला घेऊन गेला. खरी बातमी तिथे मिळाली आणि पंधरवड्यात रस्ता खुला झाला.

उद्यापासून दारावर ज्या ताई येणार आहेत, त्यांच्या घरी सलाम म्हणतात. काल त्यांनी मामांना विचारले, “मी काय म्हणू?” मामा म्हणाले, “घरी म्हणता तेच म्हणा. पण उत्तर आल्याशिवाय पुढच्याकडे वळू नका.”

मामा, मामी, आपले आभार मानायला माझी सगळी व्युत्पत्ती अपुरी आहे. सभागृहाने शांतपणे ऐकून घेतले, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात कमीअधिक झाले असल्यास उदार मनाने पोटात घालावे. आणि एखादी गोष्ट चुकीची सांगितली असेल, तर तसे जरूर सांगा. मी व्यासपीठावरून खाली येतोच आहे.