रूपश्रीचे ब्याण्णव टक्के

…आणि वर मलाच विचारतो, "अज्जा, मुलीचा बाप इथं शिकला होता का?" तुम्हाला सांगतो, सकाळी सहापासून रांगेत उभा, पाय सुजून भोपळे झालेले, हातात नातीचं मार्कांचं कार्ड, दहावीला ब्याण्णव टक्के! अहो, आमच्या घराण्यात आजवर जितके शाळेत गेले त्या सगळ्यांचे मिळून ब्याण्णव झाले नसतील, आणि हा कॉलेजातला बाबू विचारतो बाप कुठं शिकला! बापाचीच एवढी चौकशी असेल तर बापालाच बसवा की वर्गात, पोरीला कशाला उन्हात उभी करता? माझी तक्रार नाही हां, मी आपलं सांगतो.

आता मी अंगठ्याचा माणूस. इथं कन्नड मुलखात, चिक्कपेटेच्या बाजारात शिलाईचं मशीन चालवून जन्म गेला. मुलगा विनोदकुमार कारखान्यात, त्याची शिफ्ट, रजा मिळत नाही. म्हणून नातीला घेऊन मी फिरायचं. पोरीला डॉक्टर व्हायचंय. त्याला म्हणे अकरावीला सायन्स पाहिजे, आणि सायन्स म्हणजे हेच कॉलेज. नाव नाही घेत, मोठ्यांचं नाव कशाला तोंडात! तर रूपश्रीनं फळ्यावरचं मला वाचून दाखवलं. जागा ऐंशी. त्यातल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मुलांना इतक्या, मास्तरांच्या मुलांना इतक्या, ट्रस्टींच्या चिठ्ठीवर इतक्या, बॅट-बॉलवाल्यांना इतक्या, इमारतीला ज्यांनी पंखे दिले त्यांना इतक्या… मी म्हटलं, पोरी, अभ्यास करणाऱ्यांना किती ते वाच. म्हणाली, "अकरा, अज्जा." अकरा! आणि हिचा नंबर सतरावा.

मी बाबूला म्हटलं, "साहेब, बाप नाही शिकला, पण तुमच्याकडचे युनिफॉर्म तीस वर्षं मी शिवले. तुमचे सगळे जुने विद्यार्थी माझ्यापुढं हात वर करून उभे राहिलेत." बाबू हसला, अगदी पोट धरून हसला. "अज्जा, आज टेलर आला, उद्या इडलीवाला येईल, म्हणेल मी त्यांना खाऊ घातलं. सरी सरी, बरं, आता स्वल्प बाजूला व्हा." बाजूला झालो. मागून एक साहेब आले, सुटाबुटातले, बरोबर मुलगा, त्याला अठ्ठावन्न टक्के. साहेबांना बघितलं आणि ओळखलं की हो मी! तोंड नाही, कंबर! हा साहेब या कॉलेजच्याच हायस्कुलात एका वर्गात तीन वर्षं होता, दर वर्षी तीच चड्डी उसवून वाढवून दिलेली मी! पण हिशोब बरोबरच आहे म्हणा. इतर पोरं एक वर्ष राहिली, हा तीन राहिला, म्हणजे तिप्पट जुना विद्यार्थी झाला. मुलाला आत घेतलं, साहेबांना कॉफी दिली. माझी तक्रार नाही हां, मी आपलं सांगतो.

मग शेजारच्या तुंगाबाई म्हणाल्या, "मालोजीअण्णा, आपल्या मराठी लोकांनी एक कॉलेज काढलंय, तिथं आपल्यांना पहिला मान." मी म्हटलं, देव पावला! गेलो. सेक्रेटरीबाई पुण्याच्या, इकडं येऊन चार वर्षं झालेल्या. गोड बोलल्या, बसा म्हणाल्या. मग शाळेचा दाखला बघितला आणि चष्मा काढला. "आजोबा, ॲक्चुअली आमची पॉलिसी एकदम क्लिअर आहे. मातृभाषा मराठी असेल तरच प्रेफरन्स. इथं कन्नड लिहिलंय."

आता काय सांगू तुम्हाला! ते लिहवून आलेला मीच की! पहिलीला नाव घालायला मीच गेलो होतो. हेडमास्तर भला माणूस, कन्नडात विचारलं, घरात कुठली भाषा? आमचं घराणं इकडं आल्यापासून साडेतीनशे वर्षं ज्यांचं पाणी प्यालो त्यांच्या दारात उभं राहून "आमची भाषा वेगळी" म्हणायला जीभ वळेना. म्हटलं, कन्नड. आमच्यात सगळे असंच सांगतात हो! मराठी घरात, कन्नड कागदावर. चूल आत, रांगोळी बाहेर. त्या रांगोळीपायी पोरीची सीट जाईल हे कुणाला ठाऊक!

मी म्हटलं, "बाई, आत्ता मी तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलतोय?" बाई म्हणाल्या, "मराठीच… पण काय आहे ना, जरा मिक्स आहे." तेवढ्यात बाईंची मुलगी आत आली, "मम्मा, आय ॲम सो बोर्ड, कॅन वी गो?" बाई म्हणाल्या, "बेटा, बस दो मिनट." आणि रूपश्रीनं भिंतीवरची यादी वाचली तर त्या बेटीचं नाव दुसरं! मातृभाषा, मराठी. कागदावर आहे ना, मग संपलं! पहिल्या ठिकाणी बाप चुकला, दुसऱ्या ठिकाणी आजा चुकला, पोरीचं चुकलं काय ते मात्र कुणी सांगेना. माझी तक्रार नाही हां, मी आपलं सांगतो.

शेवटी सरकारी कॉलेज, हेब्बाळच्या वाटेवर. रांग नाही, ट्रस्टी नाही, पंखे तर नाहीतच. म्हटलं, इथं तरी घेतील. तिथल्या क्लार्कनं कार्ड हातात घेतलं, एकदा कार्डाकडं बघितलं, एकदा माझ्या पायांतल्या चपलांकडं. मग खिडकीशी नेऊन उन्हात धरलं, शंभराची नोट धरतात तसं. "ब्याण्णव? आणि आमच्याकडं? अज्जा, खरे असते तर त्या मोठ्या कॉलेजनं सोडले असते का?"

अहो, सोडलेच की!

"ते असू दे. बोर्डाकडून खरं असल्याचं लिहून आणा."

ॲडमिशन बंद व्हायला आठ दिवस. रोज बोर्डाच्या पायरीवर जाऊन बसलो. आज साहेब नाही, उद्या शिक्का नाही, परवा शिक्का आहे तर साहेब नाही… कागद मिळाला दहाव्या दिवशी. त्यावर लिहिलंय, मार्क खरे आहेत. क्लार्कनं वाचलं, उभा राहून पोरीला शाबासकी दिली, आणि म्हणाला, "सायन्स भरलं, अज्जा. आर्ट्समध्ये बसवतो. तिथं कुणी कार्ड बघत नाही."

येताना बसमध्ये पोरीनं कार्ड पिशवीत ठेवलं. म्हणाली, "अज्जा, अजून थोडे पडले असते तर मिळालं असतं का?"

मी म्हटलं, "नाही पोरी. जास्तच पडले. मार्क माणसानं आपल्या ऐपतीप्रमाणे घ्यावेत, नाहीतर लोक चोर समजतात."