कड्याखालचा नाही

संग्रहालयाच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या शिंपीणबाईंचे कान पुढच्या मायलेकांकडे लागले होते. आईच्या मुठीत संग्रहालयाला द्यायला आणलेला, दगड झालेला वेटोळा शंख होता, अमोनाइट. लेकाच्या हातात तो कुठे सापडला ते लिहायची कोरी चिठ्ठी.

“समुद्रकड्याखाली सापडला, असंच लिहितो. बाबाच सांगायचे.”

“कड्याचा दगड काळा. ह्याच्या वेटोळ्यांत पिवळी माती आहे.”

“कोण एवढं बघतंय, आई?”

“मी बघतेय.”

“ठिकाण नसलं तर काचेच्या कपाटात ठेवणार नाहीत.”

“मग पडू दे खणात.”

“बाबा गेले. आता कशाला खुसपट?”

“दर रविवारी कड्यावर जातो म्हणायचे. मी गप्प बसले. आता दगडालाही खोटं बोलायला लावू?”

“मग लिहू काय?”

“लिही, कुठून आणला ते बायकोला माहीत नाही. खाली सही मी करते, चांगली ठसठशीत.”