बाहेर पडा

ब्लॉगचं ते फुकटचं सॉफ्टवेअर आहे ना, त्याचं मराठी आम्ही काही जण हौसेनं करून राह्यलो. ‘लॉग आउट’ले मी ‘बाहेर पडा’ लिहिलं. ग्रुपवर सगळ्यांले पटलं.

माही आई गावाकडे, जिवतीले, वाचनालयाच्या कम्प्युटरवर बसून रानभाज्यांचा ब्लॉग लिहिते. एक दिवस पाहतो, तर तिच्या ब्लॉगवर भलत्याच कोणाची ट्रॅक्टर विकायची जाहिरात!

म्हटलं, “आई, उठताना ‘बाहेर पडा’ दाबत नाई का तू?”

“नाई. ब्लॉग माहा, लिहिते मी, अन् मलेच बाहेर पडा म्हणते. काऊन पडू?”

शब्द तर माहेच होते.

“मंग काय लिहू?”

“‘येतो’ लिही. जातो म्हणून कोणी घरून निघते का?”